सांगून गेला असतास तर

हर्षाची सगाई मोडली त्या दिवशी ओतूरच्या बाजारपेठेत पेढे वाटले गेले. तिच्या वाट्यालाही दोन आले आणि तिने ते खाल्ले. न खाऊन सांगते कोणाला? मुलगा दुसरीच्या मागे लागला असता किंवा त्याच्या घरचे देण्याघेण्यावर अडून बसले असते, तर चार बायका येऊन बसल्या असत्या, त्यांनी मुलाच्या नावाने बोटं मोडली असती आणि हर्षाचं रडणं रीतसर पार पडलं असतं. पण संयम दीक्षा घेणार होता. घरदार सोडून, साधू होऊन, गावोगाव पायी हिंडणार होता. जैनांच्या घरात याहून मोठी गोष्ट होत नाही. आणि इतक्या मोठ्या गोष्टीपुढे एकवीस वर्षांच्या मुलीने तोंड वाकडं करायचं म्हणजे पाप. म्हणून तिने पेढे खाल्ले, पाणी प्यायलं आणि ताटल्या विसळायला घेतल्या.

तिचे वडील फतेचंद. त्यांचं घराणं तीन पिढ्यांपूर्वी मारवाडातून आलं आणि इथलंच झालं. घरात मारवाडी, दुकानात मराठी आणि देवाधर्माचं सगळं हिंदीत, अशी वाटणी कोणी न ठरवता होऊन गेलेली. पुढे किराणा दुकान, मागे गोदाम. गोदामात हिरडा. पश्चिमेच्या डोंगरातली माणसं रानातून हिरडा गोळा करून आणत, फतेचंद तो घेत आणि पुढे औषधवाल्यांकडे पाठवत. गोदामाच्या वर एक खोली होती, तिथे हर्षाचा कॅसिओ कीबोर्ड असे. भाऊ जिनेशने तिला बारावीनंतर पुण्याहून आणून दिलेला. त्या खोलीच्या भिंतींत हिरड्याचा तुरट वास मुरलेला होता आणि हर्षाने आपली सगळी गाणी त्या वासात बसून केली.

आपली म्हणजे तिने स्वतः केलेली, हे नीट सांगायला हवं. कारण ओतूरात ते कोणाला पटलं नसतं. तिथल्या जैन महिला मंडळाची स्तवनं गायची रीत अशी की चाल सिनेमाची आणि शब्द देवाचे. वहीत स्तवनाच्या डोक्यावर 'चाल' असं लिहायचं, पुढे सिनेमाच्या गाण्याचे दोन शब्द टाकायचे, की तीस बायका बरोबर एका सुरात सुरू होतात. चांगली सोय आहे, नावं ठेवण्यासारखं त्यात काही नाही. फक्त त्यामुळे सगळ्यांची एक समजूत पक्की झालेली की चाली मुंबईत तयार होतात आणि तिथून इकडे येतात. फतेचंदांच्या गोदामावर एक मुलगी चाल बांधते असं कोणी म्हटलं असतं, तर मंडळाच्या अध्यक्ष कस्तुरबाईंनी तिच्या कपाळाला हात लावून ताप बघितला असता.

ती नव्वदची वर्षं. टीव्हीवर पॉप अल्बमचं पीक आलेलं. सिनेमा नाही, नायिका नाही, एखादं पोरगं गिटार घेऊन कुठल्यातरी पुलावर उभं राहतं आणि स्वतःचंच गाणं गातं. हर्षाला त्यातलं 'स्वतःचंच' हे फार आवडलं. कॉलेजच्या वहीच्या मागच्या पानांपासून उलटीकडून तिने गाणी लिहायला घेतली. पावसाने बंद पडलेल्या एसटीवर एक, दात पडलेल्या भाचीवर एक, आणि कोणावरच नसलेली प्रेमाची सहा-सात. तिच्या चालींना एक खोड होती. चारचौघांच्या चाली ओळीच्या शेवटी खाली उतरतात, हिच्या वर चढायच्या आणि तिथेच थांबायच्या.

संयम मंचरच्या कापडवाल्यांचा मुलगा. सगाई सत्त्याण्णवच्या अक्षय्य तृतीयेला झाली, लग्न पुढच्या उन्हाळ्यात ठरलं. रविवारी दुपारी फतेचंद वामकुक्षीला गेले की दुकानाच्या मागच्या खोलीतला फोन वाजायचा. पहिले दोन रविवार दोघांनी एकमेकांच्या घरच्यांच्या तब्येती विचारण्यात घालवले. तिसऱ्या रविवारी बोलायला काहीच उरलं नाही, तेव्हा हर्षाने कॅसिओ खाली आणला, फोनचा रिसीव्हर त्याच्याशेजारी ठेवला आणि एक गाणं म्हटलं.

"कोणाचं आहे?" त्याने विचारलं.

"माझं."

"शब्द तुझे. पण चाल?"

"चाल पण माझीच."

हर्षाला वाटलं लाइन गेली. मग तो म्हणाला, "अजून एक म्हण ना."

एवढंच. पण एखाद्याला आयुष्यभर पुरेल असं यात काय होतं, हे ज्याने कधी काही स्वतःहून केलं आणि कोणाला दाखवलं नाही त्यालाच कळेल. सबंध जगात हर्षाच्या गाण्यांना एक ऐकणारा होता आणि तो रविवारी दुपारी तीन वाजता मंचरहून फोन करायचा. ती त्याला 'अहो' म्हणायची, 'तुम्ही' म्हणायची. गाण्यात मात्र 'तू' म्हणायला कोणाची आडकाठी नव्हती.

त्या पावसाळ्यात एक मोठे महाराज चातुर्मासासाठी मंचरच्या जैन स्थानकात, साधूंच्या उतरण्याच्या जागी, राहिले. पावसाचे चार महिने जैन साधू हिंडत नाहीत, एकाच गावी थांबतात आणि रोज सकाळी प्रवचन देतात. संयम आधी आईला सोडायला जायचा, मग आत जाऊन बसू लागला, मग पुढच्या रांगेत बसू लागला. रविवारचा फोन पंधरा दिवसांवर गेला. एकदा त्याने मध्येच विचारलं, "हर्षा, तुला कधी वाटतं का, की आता हे सगळं पुरे झालं?" ती म्हणाली, "हो, बी.कॉम.च्या परीक्षेत रोज वाटायचं." तो हसला. त्या उत्तराबद्दल तिने पुढे स्वतःला इतक्या वेळा दोष दिला की ते वाक्य झिजून गेलं.

चातुर्मास संपला तसे संयमचे वडील आणि काका ओतूरला आले. हर्षा स्वयंपाकघरात चहा करत होती. दीक्षा घेणाऱ्याला घरच्यांची आज्ञा लागते. सगाई झाली असेल तर त्या घरचीही घ्यावी, असं महाराजांनी सांगितलं होतं. फतेचंदांनी हात जोडून ती दिली. त्यांचा आवाज भरून आला होता आणि तो दुःखाने नव्हे, हे आतपर्यंत कळत होतं. हर्षा कपबशा घेऊन बाहेर आली तेव्हा सगळं आटोपलं होतं. काकांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "बेटा, तू पुण्यवान आहेस," ते म्हणाले. तिला वाटलं लग्नाची तारीख अलीकडे आली.

संयम आला नव्हता. त्याने फोनही केला नाही, त्या दिवशी नाही आणि नंतरही नाही. सोडून गेला हे हर्षाने गिळलं असतं. देवासाठी गेला, त्यात हिने काय बोलायचं? पण आपल्याला सांगावं एवढीही आपली किंमत नव्हती, हे काही घशाखाली उतरेना. रोज रात्री पांघरुणात तोंड घालून ती त्याच्याशी भांडायची. आठ दिवसांनी त्या भांडणाचं गाणं झालं.

सांगून गेला असतास तर
दारापर्यंत आले असते,
अडवलं नसतं रे तुला,
एकदा नीट पाहिले असते.

रविवारचा फोन अजून
वाजतो आमच्या दुकानात,
धावत जाते, ऐकते तर
लोक भाव विचारतात.

टीव्हीवरच्या कुठल्याही पुलावरच्या पोराने म्हणावं असं ते गाणं होतं. प्रेमभंगाचं, साधं, दोन बोटांनी वाजवता येईल असं. हर्षाला ते तयार झाल्याक्षणी कळलं की आपलं याहून चांगलं गाणं होणार नाही. आणि ज्याला फोनवर ऐकवायचं तो आता फोन घेणार नव्हता. तो परत यावा असं तिच्या मनात नव्हतं. देवाशी भांडण काढायची तिची तयारी नव्हती. तिला एवढंच हवं होतं की हे गाणं, याच शब्दांत, एकदा त्याच्या कानावर पडावं. आपण काय करून गेलो हे त्याला कळावं. मग खुशाल जावं.

त्या महिन्यात तिची विचारपूस एकाच बाईने केली. मढच्या वरच्या वाडीची गोजरबाई हिरड्याचं गाठोडं घेऊन आली होती. पावसात भात-नाचणी, एरवी रान, असं जगणारी बाई. माप होईपर्यंत ती गोदामाच्या पायरीवर बसली आणि चहा द्यायला आलेल्या हर्षाकडे बघत राहिली.

"पोरी, त्यो मंचरचा सोडून गेला म्हनं तुला."

"दीक्षा घेतोय, मावशी. चांगलं आहे ते."

"चांगलंच असंल, आमी कुठं न्हाई म्हन्तो. पर गेला न्हवं?" गोजरबाईने चहा बशीत ओतला. "आमच्याकडं असं काय झालं की बाया चार दिस येऊन बसत्यात. काय बोलत न्हाईत, निस्त्या बसत्यात. तुज्या घरी पेढं वाटल्यात ह्यांनी. लई नवल बाई तुमचं."

हर्षाने मान फिरवली, तरी तिला रडू आलंच. गोजरबाई काही बोलली नाही. चहा संपल्यावरही ती तशीच पायरीवर बसून राहिली आणि गड्याने दोनदा हाक मारली तेव्हा उठली. चार दिवसांचं बसणं तिने अर्ध्या तासात उरकलं. पण तेवढं मात्र केलं.

दीक्षेआधी आसपासच्या गावांचे संघ दीक्षार्थीला बोलावतात, मिरवणूक काढतात, सत्कार करतात. ओतूरच्या संघानेही संयमला बोलावलं. मग कस्तुरबाई फतेचंदांच्या घरी आल्या. बाई मनाने वाईट नव्हती. तिला फक्त एका वेळी एकच गोष्ट दिसायची.

"हर्षा, सत्काराला विदाईचं गीत हवं. नवीन हवं. नारायणगावच्या बायकांनी जुनंच म्हटलं, ते नको. तुझ्यासारखं आपल्यात कोण आहे? आणि तुझं तर किती पुण्य लागेल बघ."

हर्षाला आधी हसू आलं. मग तिच्या डोक्यात आलं की अरे, तो समोर बसलेला असेल. दीड-दोनशे माणसांत, हार घालून, पण समोर. खरे शब्द मंडळ गाणार नाही. चाल तरी जाईल. तिने त्याच रात्री शब्द फिरवले.

सांगून निघालात तुम्ही,
वेशीपर्यंत येऊ आम्ही,
अडवणार नाही कोणी,
डोळे भरून पाहू आम्ही.

कस्तुरबाईंना ते इतकं आवडलं की त्यांनी दोनदा डोळे पुसले. "विहार करणाऱ्या साधूंना वेशीपर्यंत पोचवायला जातो आपण, ते किती छान आणलंस गं." मग पेन उघडून विचारलं, "चाल कुठली?"

"माझी" म्हणायला हर्षाने तोंड उघडलं होतं. पण माझी म्हटलं की कधी केलीस, कोणासाठी केलीस, आधीचे शब्द काय होते, इथपर्यंत जावं लागलं असतं. "एका अल्बमची आहे, काकू," ती म्हणाली. कस्तुरबाईंनी वहीत लिहिलं, चाल: अल्बम. पुढे दोन महिने त्या जिनेशच्या मागे लागल्या होत्या की पुण्याला जातोस तर ती कॅसेट बघ. बिचारा तीन दुकानं फिरून आला.

सत्काराच्या सकाळी हर्षाने साडी नेसली, केस बांधले आणि जिन्यातून खाली आली. आई दारात उभी होती. रात्री पंचांचं बोलणं झालं होतं. मुलगा वैराग्याच्या वाटेवर निघाला आहे, अशा वेळी तिने समोर येऊ नये, दोघांसाठीही बरं नव्हे. फतेचंद तिच्याकडे न बघता म्हणाले, "बेटा, तू वरूनच हात जोडून अनुमोदना कर." हर्षा वर गेली. खिडकीतून तिने बँड ऐकला, मग घोषणा ऐकल्या, मग गर्दीत फेट्याचं एक टोक बघितलं. स्थानक तिथून दोन घरं सोडून. बायका गाऊ लागल्या तसं सगळं नीट ऐकू आलं. पुढे म्हणणारी हर्षा नव्हती म्हणून कस्तुरबाईंनी सूर धरला होता आणि तो जरा जास्तच खाली होता. गाणं संपलं, लोकांनी जयजयकार केला. त्याला काही कळलं असेल असं समजायला हर्षाला काहीच आधार नव्हता. शब्द मूळचे नव्हते आणि ती दिसली नव्हती. त्याने मान डोलावली असेल. सगळेच डोलावतात.

मंचरला दीक्षा झाली. त्याचं नाव बदललं. नवं नाव हर्षाच्या तोंडात बसेना आणि जुनं घरात कोणी उच्चारेना.

मग एक विचित्र गोष्ट सुरू झाली. ते विदाईचं गीत गावोगाव जाऊ लागलं. चातुर्मास संपून महाराज निघाले की बायका ते म्हणत. ओतूरहून जुन्नरला गेलं, जुन्नरहून घोडेगावला, घोडेगावच्या सुनेने माहेरी नेलं. हर्षा एका लग्नाला नगरला गेली होती, तिथे मुलीच्या पाठवणीला तेच. तीन-चार वर्षांनी एका भक्तिगीतांच्या कॅसेटवरही ते आलं. कॅसेटच्या कव्हरवर बारीक अक्षरांत छापलं होतं, चाल: पारंपरिक. पंचविसाव्या वर्षी पारंपरिक होण्याचा मान फार थोड्यांना मिळतो. हर्षाने ते कव्हर जिनेशला दाखवलं. तो म्हणाला, "हां, बघ, ही जुनी चाल होती तर. म्हणून मला पुण्यात मिळाली नाही."

स्थळं आली नाहीत असं नाही. आली आणि चहा पिऊन गेली. "त्यांची सगाई महाराजांशी झाली होती" हे वाक्य बैठकीत कोणीतरी आदराने म्हणायचंच, आणि मग मुलाकडचे असे काही नमस्कार करत की पुढे लग्नाचं बोलणं म्हणजे जणू आगाऊपणा. दुसरीकडे गावातल्या बायका हळूच विचारत, "हर्षा, तुझे भाव कधी होणार गं दीक्षेचे?" सगळ्यांनी धरूनच चाललं होतं की तीही त्याच वाटेने जाईल. हर्षाला पाणीपुरी आवडायची, टीव्ही आवडायचा, उशिरा उठायला आवडायचं. तिच्यात दीक्षेचं काहीही नव्हतं. पण साध्वी होत नाही म्हणून संसारी, आणि संसार नाही म्हणून कोणाचीच नाही, अशी ती मधल्यामधे राहिली. जिनेशचं लग्न झालं, त्याला मुलं झाली. हर्षा रविवारी स्थानकात मुलांना पाठ शिकवी, मंडळात पुढे बसून सूर धरी, दुपारी गल्ल्यावर बसे. लोक तिला मान देत. मान देणारी माणसं कोणी जवळ बसत नाहीत.

तिने नवीन गाणं केलं नाही. ऐकणारं कोणी नव्हतं, आणि जुनं भांडण अजून चालू होतं. रात्री दिवा घालवला की ती ते सुरू करायची. आता त्यात रडणं नव्हतं, सवय होती. आज दुकानात हे झालं, आज मी हे ऐकलं, तू सांगायला का आला नाहीस. एखाद्या जुन्या जोडप्यासारखं त्यांचं चालायचं. अशी अकरा वर्षं गेली.

दोन हजार आठच्या थंडीत मंचरचे ते महाराज, म्हणजे पूर्वीचा संयम, गुरूंबरोबर आळेफाट्याकडून आले. ओतूरला एक मुक्काम, मग माळशेज उतरून कल्याणकडे. आता हर्षाला कोणी वर थांब म्हटलं नाही. ती बत्तीस वर्षांची, मंडळाची पुढची बाई. उलट कस्तुरबाई, ज्यांना आता नीट दिसत नव्हतं, म्हणाल्या, "किती योग आहे बघ. त्यांच्याच दीक्षेचं गीत, त्यांच्याच विहाराला."

संध्याकाळी सगळ्यांबरोबर तिने लांबूनच वंदन केलं. तोंडावर मुहपत्तीची पांढरी पट्टी, वर कपाळ, कपाळावर आठ्या. तिने मनात ठेवलेल्या माणसाहून हे कपाळ बरंच म्हातारं होतं. रात्रभर तिला झोप आली नाही. ज्याची अकरा वर्षं वाट बघितली ते उद्या घडू शकतं किंवा कधीच नाही, हे तिला स्वच्छ दिसत होतं.

सूर्य उगवल्यावर महाराज निघाले. स्थानकाच्या दारात बायका दोन्ही बाजूंना उभ्या राहिल्या. मंडळाची पद्धत अशी की पुढचीने एक ओळ म्हणायची आणि बाकीच्यांनी ती उचलायची. हर्षाने सूर घेतला, वरचा, मूळचा. आणि म्हणाली,

सांगून गेला असतास तर
दारापर्यंत आले असते.

क्षणभर मागे कोणी उचललं नाही. मग तीस बायकांनी, दहा वर्षांच्या सवयीने, जे पुढून आलं ते जसंच्या तसं म्हटलं. नवीन कडवं असेल, हर्षाने रात्री केलं असेल. कोणाला काही वावगं वाटलं नाही. रविवारच्या फोनचं कडवं आलं तेव्हा एक-दोघी अडखळल्या, पण भाव विचारतात म्हणजे मनाचे भाव असणार, अशी त्यांनी आपली समजूत घातली. ओतूरच्या तीस बायका एका साधूला भर रस्त्यात विचारत होत्या की तू हिला सांगितलं का नाहीस, आणि विचारतोय हे त्यांना ठाऊक नव्हतं. हर्षाचा आवाज एकदाही कापला नाही. महाराज खाली जमिनीकडे बघत उभे होते. गाणं संपलं, गुरूंनी मांगलिक, निघतानाचा आशीर्वादाचा पाठ, म्हटलं, आणि सगळे चालू लागले.

बरीच माणसं गावाच्या टोकावरून परतली. पंधरा-वीस जण उदापूरपर्यंत गेले. हर्षाही मागे, चार बायकांबरोबर चालत राहिली. उदापूरच्या पुढे रस्त्याकडेच्या एका आंब्याखाली गुरू विसावा घ्यायला बसले. महाराजांनी जिनेशला जवळ बोलावलं आणि काही विचारलं. जिनेशने बहिणीला हात केला. ती आली, रीतीप्रमाणे चार हात अंतरावर उभी राहिली. जिनेश मध्ये उभा होता.

"सकाळचे शब्द वेगळे होते," महाराज म्हणाले.

"आधीचे ते वेगळे होते, महाराज. हे मूळचे आहेत."

"अंदाज होता. ओतूरच्या सत्काराला ऐकलं, ओळी वर चढून तिथेच थांबत होत्या, तेव्हाच चाल ओळखली होती. कोणाची ते सांगावं लागलं नाही."

जिनेश एकदा महाराजांकडे, एकदा हर्षाकडे बघत होता.

"सांगायला यायचं ठरवलं होतं," महाराज जमिनीकडे बघतच म्हणाले. "नारायणगावपर्यंत आलोही होतो. तुमच्या दारात आलो असतो तर निघणं झालं नसतं. म्हणून तिथून परत फिरलो. भीती माझी होती, आणि त्रास तुम्हाला झाला. खमतखामणा."

हा त्यांच्यातला क्षमेचा शब्द. एकाने हात जोडून म्हटला की समोरच्याने त्याच क्षणी परत म्हणायचा असतो. पर्युषण संपताना, संवत्सरीला, लहान पोरंसुद्धा घरोघर जाऊन म्हणतात. हर्षा चालायला लागली तेव्हापासून तो म्हणत आली होती. तिचे हात आपोआप जोडले गेले आणि तोंडातून शब्द निघाला, "खमतखामणा, महाराज."

गुरू उठले. दोघे डिंगोऱ्याच्या दिशेने चालू लागले. पांढरी वस्त्रं वळणापर्यंत दिसली आणि मग एक उसाचा ट्रॅक्टर मध्ये आला.

परतताना जिनेशने जीप बोलावली होती. वाटेत त्याने विचारलं, "ताई, ती चाल तुझी होती?" हर्षाने मान हलवली. जीप ओतूरात शिरली तेव्हा तो म्हणाला, "मी तीन दुकानं फिरलो होतो गं." ती हसली. दुपारी मंडळाच्या बायका वह्या घेऊन आल्या, नवीन शब्द उतरवून घ्यायला. हर्षाने सावकाश, एकेक ओळ दोनदा म्हणून सगळ्यांना लिहून दिली. जेवली. गल्ल्यावर बसली. सगळं इतर दिवसांसारखंच झालं.

रात्री दिवा घालवून ती अंथरुणावर पडली आणि नेहमीप्रमाणे सुरू करायला गेली. तू सांगायला का आला नाहीस? पण त्याचं उत्तर आता आलेलं होतं. चांगलं उत्तर होतं, मागितलं त्याहून मोठं. तिने दुसरं काही काढून बघितलं. परीक्षेवरून तो हसला ते, अकरा वर्षांत एक निरोप नाही ते. कशालाच धार येईना. क्षमा तर तिने दुपारच्या आतच देऊन टाकली होती, विचार करायला सवडही न घेता, जशी दरवर्षी शेजारीपाजारी देते तशी. ती मागे कशी घ्यायची, हे तिला कोणी शिकवलं नव्हतं.

ती पुष्कळ वेळ अंधारात डोळे उघडे ठेवून पडली. खालच्या मजल्यावर जिनेशची मुलं झोपेत काहीतरी बोलत होती. आज कोणाशी बोलायचं, ते तिला कळेना. अकरा वर्षं या खोलीत रोज रात्री दोन माणसं असायची. आज पहिल्यांदा ती एकटी झोपत होती.